कालवाच्या पेशीतला लगाम

२०१२ च्या ऑक्टोबरात ‘नेचर’ साप्ताहिकात पॅसिफिक कालवाचा जनुकसंच छापून आला. चीनमधल्या चिंगदाओच्या समुद्रविज्ञान संस्थेतले झांग ग्वोफान आणि त्यांचे सहकारी या कामात पुढे होते. जनुकं निघाली अठ्ठावीस हजारांच्या घरात, म्हणजे माणसाहून काही हजारांनी जास्त. आपण फार गुंतागुंतीचे प्राणी आहोत अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी हा आकडा एकदा नजरेखालून घालायला हरकत नाही. पण त्या लेखातला सगळ्यात बोलका आकडा दुसराच होता. पेशीला मरण्यापासून थोपवणाऱ्या प्रथिनांचं एक घराणं आहे, आयएपी नावाचं. माणसात या घराण्याची जनुकं आठ. कालवात सापडली ४८.

पुढे मोजदाद अधिक काटेकोर झाली तसा आकडा थोडा इकडेतिकडे झाला, आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या कालवाची मोजणी झाली तेव्हा त्याच्याकडेही हे घराणं असंच फोफावलेलं दिसलं. म्हणजे तो एका प्रयोगशाळेचा योगायोग नव्हता. खडकाला एकदा चिकटला की जन्मभर जागचा न हलणारा, डोकं नसलेला हा जीव. पेशींचं मरण रोखायची एवढी सामग्री त्याने कशासाठी बाळगली असेल?

या प्रश्नाचा माग काढायचा तर कालवापासून सुरुवात करून चालत नाही. पेशी ठरवून मरते ही कल्पनाच मुळात समुद्रात जन्मली नाही. ती आली बेडकाच्या पिल्लातून, रेशमाच्या पतंगातून आणि उंदराच्या यकृतातून, आणि कालवापर्यंत पोचायला तिला दीडशे वर्षं लागली.

कार्ल फोग्ट या जर्मन निसर्गअभ्यासकाने १८४२ मध्ये सुईण-बेडकाच्या वाढीवर पुस्तक लिहिलं. या जातीत नर अंड्यांच्या माळा मागच्या पायांना गुंडाळून वागवतो, म्हणून हे नाव. पिल्लाच्या पाठीतला मऊ दांडा नाहीसा होऊन त्या जागी मणके येतात. फोग्टच्या लक्षात आलं की जुन्या पेशींचं रूपांतर होत नाहीये. त्या मरताहेत आणि त्यांची जागा नव्या पेशी घेताहेत. हे त्याने लिहिलं आणि पुढच्या विषयाकडे वळला. १८८५ मध्ये वाल्थर फ्लेमिंगला अंडाशयातल्या पेशींची केंद्रकं तुकडे होऊन विरघळताना दिसली. त्याने चित्रं काढली, नाव दिलं, आणि तेही मागे पडलं. पेशी कशी जन्मते याची त्या शतकाला विलक्षण उत्सुकता होती. मरणाऱ्या पेशीकडे मात्र सडलेल्या फळाकडे पाहावं तसं पाहिलं गेलं.

‘नियोजित’ हा शब्द या मरणाला चिकटला १९६४-६५ मध्ये. हार्वर्डमध्ये रिचर्ड लॉकशिन आणि कॅरोल विल्यम्स रेशमाच्या पतंगांवर काम करत होते. कोशातून बाहेर पडताना पतंग पोटाचे काही स्नायू वापरतो. बाहेर आला की ते स्नायू पुढच्या एकदोन दिवसांत विरघळून जातात. काम संपलं, कामगार गेले. त्या मरणाचा संदेश आधीच दिलेला असतो आणि तो संप्रेरकांमार्फत दिला जातो, हे या दोघांनी दाखवलं.

आता उंदराचं यकृत. इथे थोडं थांबावं लागेल, कारण कालवाची गोष्ट खरी इथून सुरू होते. जॉन केर हा ऑस्ट्रेलियन विकृतितज्ज्ञ. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये संशोधन करताना त्याने उंदराच्या यकृताच्या काही भागाला जाणारी मोठी शीर बांधून टाकली. त्या भागाचा रक्तपुरवठा तुटला की पेशींचं काय होतं, एवढंच पाहायचं होतं. काही पट्टे अपेक्षेप्रमाणे मेले: पेशी फुगल्या, फुटल्या, आतला माल बाहेर सांडला, आजूबाजूला सूज आली. पण धमनीतून थोडंफार रक्त ज्यांना मिळत होतं त्या भागात वेगळंच चाललं होतं. तिथे एखादीच पेशी मरत होती, शेजारच्या पेशी शाबूत. मरणारी पेशी फुगत नव्हती, आक्रसत होती. केंद्रकातला माल घट्ट होऊन कडेला सरकायचा, पेशीच्या अंगावर फोड यायचे, मग तिचे आवरणासकट छोटे तुकडे व्हायचे आणि शेजारच्या पेशी ते तुकडे गिळून टाकायच्या. सूज नाही, सांडलवंड नाही. ब्रिस्बेनला परतल्यावर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे आणखी स्पष्ट दिसलं. १९७१ मध्ये केर स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला गेला, आणि १९७२ मध्ये अँड्र्यू वायली व ॲलिस्टर करी यांच्यासोबत त्याने तो प्रसिद्ध लेख लिहिला. ॲबर्डीनच्याच ग्रीक भाषेच्या प्राध्यापकांनी, जेम्स कॉर्मॅक यांनी, नाव सुचवलं: ॲपॉप्टोसिस.

केरच्या प्रयोगात पेशींवर आलेलं संकट कोणतं होतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. रक्त कमी, म्हणून ऑक्सिजन कमी, अन्न कमी. उंदराच्या यकृतावर हे संकट आणायला शीर बांधावी लागली. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात राहणाऱ्या कालवावर ते एरवीच येत असतं. पाणी ओसरलं की कालव शिंपा मिटून घेतं. आत कोंडलेल्या पाण्यातला ऑक्सिजन संपत येतो. मग ते साठवलेल्या ग्लायकोजेनवर ऑक्सिजनशिवाय गुजराण करतं, शरीराचा एकूण खर्च पार तळाला नेतं, आणि सक्सिनेटसारखी रसायनं पेशीत साठू लागतात. ऊन असेल तर तापमान चढतं; चिनी चमूच्या लेखात ४९ अंश सेल्सियसपर्यंतचा उल्लेख आहे. भरती आली की शिंपा उघडतो आणि ऑक्सिजन एकदम आत घुसतो. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाची रक्तवाहिनी मोकळी केल्यावर हृदयाच्या स्नायूला जी इजा होते, ती याच क्षणाची असते. उपाशी पेशीत प्राणवायू परतला की त्यातून जहाल रेणू तयार होतात, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांच्या पडद्यात छिद्र उघडतं, आणि पेशी मरणाच्या वाटेला लागते. कालवावर हे संकट भरती-ओहोटीगणिक. कोकणातल्या खडकांवरची कालवं वेगळ्या जातीची, पण हा हिशोब त्यांनाही चुकलेला नाही.

केरला कालवाकडे पाहणं सुचलं नाही यात त्याचा दोष नाही. ॲपॉप्टोसिसचा अभ्यास पुढे ज्या प्राण्याच्या हातात गेला तो होता मातीतला मिलिमीटरभर लांबीचा एक कृमी. सिडनी ब्रेनरने केंब्रिजमध्ये तो निवडला, जॉन सल्स्टनने त्याच्या पेशी एकेक करून मोजल्या. वाढीच्या काळात १०९० पेशी तयार होतात आणि त्यातल्या १३१ मरतात. दर वेळी त्याच १३१. रॉबर्ट हॉर्विट्झने या मरणाची जनुकं शोधली: सेड-३ आणि सेड-४ पेशीला मारतात, सेड-९ तिला वाचवतं. १९९३ मध्ये सेड-३ चा माणसातला भाऊबंद सापडला आणि त्यातून प्रथिनं कापणाऱ्या कॅस्पेज या विकरांचं अख्खं कुळ उजेडात आलं. २००२ चं नोबेल या तिघांना मिळालं, आणि ते रास्तच होतं.

पण या कृमीने एक सवय लावून ठेवली. मरण म्हणजे जन्मासोबत मिळालेली यादी, बाहेरच्या जगाशी तिचा फारसा संबंध नाही, आणि साध्या प्राण्यात यंत्रणाही साधी असणार. कृमीत मोजक्या जनुकांवर भागतं, माणसात त्यांतल्या काहींचे दहा-वीस अवतार आहेत, म्हणजे मधल्या प्राण्यांत मधला काहीतरी आकडा असेल, असा सरळ चढता जिना डोळ्यांसमोर होता. आता कळतं की साधा तो कृमीच. त्याने वाटेत बरंच काही गमावलेलं आहे. कालवाने गमावलं नाही, वर भर घातली.

मरणाला आवरणाऱ्या लगामाचा शोध मात्र कृमीत लागला नाही. तो लागला विषाणूत. जॉर्जिया विद्यापीठात लोइस मिलर पतंगांच्या अळ्यांना होणाऱ्या बॅक्युलोव्हायरसवर काम करत होत्या. विषाणूला आपली पिलावळ वाढवायला पेशी काही काळ जिवंत हवी असते. उलट पेशीच्या दृष्टीने लागण झाल्याबरोबर मरून जाणं हाच बचाव, कारण तिच्यासोबत विषाणूही मरतो. मिलर यांच्या प्रयोगशाळेत एक बिघडलेला विषाणू निघाला. त्याची लागण झाली की पेशी फोड येऊन, तुकडे होऊन भराभर मरायच्या. रॉली क्लेम आणि मिलर यांनी १९९१ मध्ये दाखवलं की या विषाणूत पी-३५ नावाचं जनुक निकामी झालं आहे. धडधाकट विषाणू या जनुकाच्या जोरावर पेशीला मरू देत नाही. दोनच वर्षांनी, १९९३ मध्ये, सफरचंद पोखरणाऱ्या अळीच्या विषाणूत त्याच कामाचं पण वेगळ्या घडणीचं जनुक सापडलं. त्याला नाव मिळालं आयएपी. मग माणसात शोध घेतला तर तिथेही तेच. विषाणूंनी ते यजमानांकडूनच कधीतरी उचललं असणार. माणसातली काही आयएपी थेट कॅस्पेजला पकडून ठेवतात, हे त्यानंतर काही वर्षांत कळलं.

आता समुद्राकडे. कालवाचं रक्त बंद नळ्यांतून वाहत नाही, ते ऊतींमधल्या मोकळ्या जागांतून झिरपत फिरतं. त्यातल्या पेशी काचेवर टाकल्या तर गोल राहत नाहीत. थोड्याच वेळात त्या पसरतात, कडेने पातळ पडदे आणि टोकदार पाय काढतात, सापडेल त्या कणाकडे सरकतात. कालवाचं सैन्य, सफाई खातं, कवचाची डागडुजी, अन्नाची ने-आण, सगळं या पेशींच्या गळ्यात. माणसात लस घेऊन आठवणीने लढणाऱ्या पेशी असतात तसल्या इथे नाहीत. गिळणं ही यांची मुख्य विद्या, आणि ती विद्या पहिल्यांदा ओळखली गेली तीही समुद्रातल्या जीवातच: १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिना इथे इल्या मेच्निकॉफने तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला आणि भटक्या पेशी त्याच्याभोवती गोळा होताना पाहिल्या.

१९५० मध्ये लेस्ली स्टॉबर यांनी अमेरिकन कालवाच्या हृदयात काळी शाई टोचली. शाईचे कण रक्तपेशींनी गिळले. मग काय झालं ते पाहण्यासारखं आहे. शाईने भरलेल्या पेशी ऊतींतून वाट काढत आतड्याच्या आणि अंगाच्या कातडीपर्यंत गेल्या, ती ओलांडून बाहेर पडल्या आणि कालवाने त्या टाकून दिल्या. गिळलेली घाण आणि गिळणारी पेशी, दोन्ही घराबाहेर. रक्तपेशी खर्ची घालायची असते, हा हिशोब कालवाने फार पूर्वीच मांडून ठेवला होता. स्टॉबरच्या काळात ‘ॲपॉप्टोसिस’ हा शब्द नव्हता, नाहीतर हा प्रयोग त्याच्या पाठ्यपुस्तकातच गेला असता.

त्याच सुमारास मेक्सिकोच्या आखातात एक भांडण पेटलं होतं. लुइझियानातली कालवं मोठ्या प्रमाणावर मरत होती. कालवं वाढवणाऱ्यांचं म्हणणं, तेलाच्या विहिरींमुळे. त्यांनी तेलकंपन्यांवर खटले भरले. कंपन्यांनी टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या संशोधन प्रतिष्ठानाला पैसे दिले आणि ‘प्रोजेक्ट नाइन’ सुरू झाला. जॉन मॅकिन यांच्या चमूला त्यात सापडला एक परजीवी, आणि १९५० मध्ये तो ‘सायन्स’मध्ये जाहीर झाला. आधी त्याला बुरशी समजलं गेलं, आणि तेव्हा दिलेल्या नावावरून रोगाला ‘डर्मो’ म्हणू लागले. आज तो पर्किन्सस मरायनस म्हणून ओळखला जातो. सॅमी रे यांनी १९५२ मध्ये त्याची सोपी चाचणी काढली. कालवाचा तुकडा एका द्रवात काही दिवस ठेवायचा, परजीवी फुगतो, मग आयोडीन टाकलं की तो निळसर काळ्या गोळ्यांसारखा उठून दिसतो. तेलकंपनीच्या पैशातून निघालेला निष्कर्ष तेलकंपनीला सोयीचा असावा, हे वाचताना भुवई वर जाते. पण गोळे खरे होते. आणि दुसरी बाजूही तितकीच खरी होती: पाणी तापलं, पावसाअभावी खारेपणा वाढला की हाच रोग उसळतो. पुढे चेसापीक उपसागरात आणि मग न्यू इंग्लंडपर्यंत तो अशाच उबदार वर्षांत सरकत गेला. पर्यावरणाचा ताण की रोग, हा वाद ज्या दोन पक्षांनी घातला ते दोघंही अर्धेच बरोबर होते.

या परजीवीची खोडी अशी की रक्तपेशीने गिळलं की तो मरत नाही. तिथेच वाढतो, आणि तिच्याच पाठीवरून सगळ्या शरीरात फिरतो. अशा वेळी रक्तपेशीने करायचं ते बॅक्युलोव्हायरसच्या गोष्टीत आलंच आहे: आपण मरावं, सोबत शत्रूला न्यावं. नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट इथे इन्ना सोकोलोव्हा आणि फ्रान्सिस ह्यूज यांनी २०१० मध्ये दाखवलं की कालवाच्या पेशी ही चाल खेळतात आणि पर्किन्सस ती उलटवतो. त्याची लागण झालेल्या पेशींतला ॲपॉप्टोसिस दबतो. लगाम पेशीचाच, खेचणारा हात दुसऱ्याचा.

सोकोलोव्हांचं त्याआधीचं, २००४ मधलं कॅडमियमवरचं काम मला या सगळ्या वाटचालीत कळीचं वाटतं. कारखान्यांच्या सांडपाण्यातून येणारा हा धातू शिंपल्यांच्या अंगात साठतो. एका जागी बसून दिवसभर पाणी गाळणाऱ्या प्राण्याला तो टाळता येत नाही; म्हणून तर एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ मध्ये किनाऱ्यावरच्या प्रदूषणाचे पहारेकरी म्हणून शिंपल्यांना नेमण्याची सूचना केली. कालवाच्या रक्तपेशी वेगवेगळ्या प्रमाणातल्या कॅडमियममध्ये ठेवल्या, तेव्हा मात्रा वाढेल तसा ॲपॉप्टोसिस वाढला. एका मर्यादेनंतर तो वाढायचा थांबला, आणि पेशी फुगून फुटू लागल्या. याचं कारण फार साधं आहे. शिस्तीत मरायलाही ऊर्जा लागते. विष तंतुकणिकांवरच घाला घालत असेल तर नीट मरण्याइतकीही शिल्लक पेशीकडे उरत नाही. पण खरं आश्चर्य पुढे होतं. सस्तन प्राण्यांच्या तंतुकणिकांत ज्या छिद्राने मरणाची सुरुवात होते ते छिद्र कालवाच्या तंतुकणिकांत उघडलंच नाही. पेशी मरत होत्या, पण त्या दाराने नाही. ज्या प्राण्याच्या तंतुकणिकांना ओहोटीगणिक गुदमरावं लागतं आणि भरतीगणिक पुन्हा श्वास घ्यावा लागतो, त्याला ते दार एवढं सैल ठेवून परवडलं नसतं.

ब्रिटनीतल्या रोस्कॉफ इथे ॲर्नो लाकोस्त आणि सहकाऱ्यांनी २००१-०२ च्या सुमारास वेगळ्याच टोकाने हात घातला. कालवं नुसती हलवली, खडखडवली. त्यांच्या रक्तात नॉरॲड्रेनालिन वाढलं, म्हणजे आपण दचकलो की आपल्या रक्तात जे वाढतं तेच. आणि हे नॉरॲड्रेनालिन रक्तपेशींना ॲपॉप्टोसिसकडे ढकलतं, हेही दिसलं. पेशी कॅस्पेजच्या मार्गाने मरताहेत का याची खात्री करायला त्यांनी काय वापरलं? पतंगाच्या विषाणूतलं तेच पी-३५. टोपल्या उपसणं, चाळणं, गाडीत घालून हलवणं हे कालवशेतीत रोजचं. हाताळल्यानंतर कालवं का दगावतात याला शेतकरी आपापली उत्तरं देत आले होते; हे एक उत्तर रसायनात मांडलेलं होतं.

या काळातल्या शोधनिबंधांबद्दल एक कुरकुर नोंदवावीशी वाटते. मरणारी पेशी ओळखायच्या युक्त्या माणसाच्या आणि उंदराच्या पेशींवर घडल्या. जेरुसलेमच्या चमूने १९९२ मध्ये काढलेली टनेल चाचणी डीएनएच्या तुटलेल्या टोकांना रंगवते. तीच तयार पेटी आणायची आणि शिंपल्याच्या रक्तावर लावायची, हा सर्रास रिवाज झाला. पण डीएनए तुटण्याला शंभर कारणं असतात आणि तुटलेलं सांधताही येतं. गोव्यात दोना पावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत समुद्री गोगलगायींच्या डीएनएमधल्या तुटी मोजून किनाऱ्यावरचं प्रदूषण जोखलं गेलं, तेव्हा त्या तुटींना तुटीच म्हटलं गेलं, हे बरं झालं. तूट ही इजा. तिचं पुढे मरणात रूपांतर व्हायचं की नाही हा निर्णय वेगळा, आणि तो घेणारी यंत्रणाही वेगळी. कॅलिफोर्नियात मॉन्टरेजवळच्या हॉपकिन्स समुद्रकेंद्रात याओ आणि जॉर्ज सोमेरो यांनी २०१२ मध्ये हे दोन टप्पे शेजारी ठेवून पाहिले. मालवण-गोव्यात ज्यांना शिणाणे म्हणतात त्यांच्या कुळातल्या दोन जाती त्यांनी घेतल्या, एक तिथली देशी आणि एक भूमध्य समुद्रातून आलेली उपरी. आठ तास उष्णतेत ठेवल्यावर देशी जातीच्या रक्तपेशींत डीएनएच्या तुटी जास्त झाल्या. गरम पाण्याची सवय असलेली उपरी जात कमी तुटीत निभावली. पुढे २०२१ च्या जूनअखेर कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर उष्णतेचा घुमट बसला, खडकांचं तापमान पन्नास अंशांपलीकडे गेलं, आणि ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या क्रिस हार्ली यांनी भरती-ओहोटीच्या पट्ट्यातले अब्जाहून जास्त जीव मेल्याचा अंदाज दिला. तिथे निर्णयबिर्णय काही उरला नव्हता. ते शिजणं होतं.

एवढा प्रवास झाल्यावर २०१२ चा जनुकसंच पुन्हा वाचला की ४८ चा आकडा वेगळा दिसतो. चिनी चमूने कालवांना नऊ-दहा तऱ्हांनी छळलं: उष्णता, खारेपणातले बदल, धातू, आणि पाण्याबाहेर ठेवणं. सगळ्यात जास्त जनुकं कशाने हलली, तर पाण्याबाहेर ठेवल्याने. चार हजारांहून जास्त. आणि त्यात आयएपी ठळकपणे वर आली होती. दुसऱ्या बाजूला एचएसपी-७० ही उष्णतेत प्रथिनांची घडी सावरणारी जनुकं, माणसात सतरा, इथे ८८. माणूस ऊन लागलं तर सावलीत जातो, मासा खोल पाण्यात जातो. कालवाच्या हातात पळ काढणं नाही, म्हणून त्याने हालचालीचा खर्च रसायनात केला. शिंपल्यांवरचा ताण मोजताना आपण वर्षानुवर्षं मेलेल्या पेशी मोजत आलो. त्या मोजणीतून निसटत राहिली ती मरायच्या काठावर येऊन थांबलेली पेशी. ओहोटीच्या सहा तासांत कालव तगून राहतं ते तिच्या भरवशावर.

मात्र जिथे लगाम तिथे चोर. २००८ च्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या किनाऱ्यावर पॅसिफिक कालवांची पिल्लं अचानक झपाट्याने मरू लागली. हर्पिस कुळातल्या एका विषाणूचा नवा अवतार त्यामागे होता. या विषाणूचा जनुकसंच २००५ मध्येच वाचून झाला होता आणि त्यात आयएपीसारखी जनुकं सापडली होती, एक नव्हे अनेक. पतंगाच्या विषाणूने जी चोरी केली तीच समुद्रातल्या विषाणूनेही केलेली. नंतर, २०१८ मध्ये, फ्रेंच चमूने दाखवलं की हा विषाणू आधी रक्तपेशींनाच गाठतो, कालवाचं सैन्य लुळं पडतं, आणि मग एरवी निरुपद्रवी असलेले जिवाणू आत शिरून त्याचा शेवट करतात. पाणी सोळा अंशांच्या वर गेलं की हे सत्र सुरू होतं, म्हणून तिथले कालवशेतकरी वसंतात तापमापीकडे डोळे लावून बसतात.

चोरीचा दुसरा प्रकार घरातलाच. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर वाळूत राहणारा एक मऊ कवचाचा शिंपला आहे, आपल्या तिसऱ्यांहून बराच मोठा. १९७० च्या दशकापासून त्याच्या रक्तात एक कर्करोग दिसत होता. निरोगी रक्तपेशी पाय पसरून चालतात. या पेशी गोल, फुगीर, काचेला न चिकटणाऱ्या, आणि वाढतच जाणाऱ्या, इतक्या की शेवटी रक्त दुधाळ होतं. प्रदूषणाला बोल लावला गेला, विषाणूवर संशय घेतला गेला. २०१५ मध्ये मायकेल मेट्झगर आणि स्टीफन गॉफ यांनी कोलंबिया विद्यापीठात वेगवेगळ्या किनाऱ्यांवरच्या आजारी शिंपल्यांच्या कर्कपेशी तपासल्या, तर त्या ज्या शिंपल्यात होत्या त्याच्याशी जुळेनात. एकमेकींशी मात्र जुळल्या. न्यूयॉर्कपासून प्रिन्स एडवर्ड बेटापर्यंत एकाच शिंपल्याच्या पेशी पाण्यातून एका अंगातून दुसऱ्या अंगात जात होत्या. मूळ शिंपला केव्हाच मेलेला, त्याच्या पेशी अजून मेलेल्या नाहीत.

या पेशी मरत का नाहीत याचा एक धागा न्यू हॅम्पशायर विद्यापीठातल्या चार्ल्स वॉकर यांच्या चमूला आधीच हाती लागला होता. पी-५३ हे प्रथिन डीएनए बिघडला की केंद्रकात जाऊन पेशीला मरणाचा हुकूम देतं. माणसाच्या अनेक कर्करोगांत ते मुळातच मोडलेलं असतं. या शिंपल्याच्या कर्कपेशींत ते धड होतं. मॉर्टॅलिन नावाच्या दुसऱ्या प्रथिनाने त्याला केंद्रकाबाहेर अडकवून ठेवलं होतं, एवढंच. मग २००८ मध्ये त्यांनी आजारी शिंपल्यांना एटोपोसाइड टोचलं, माणसांच्या कर्करोगावर वापरतात तेच औषध. पेशींतलं पी-५३ वाढलं, त्यातलं काही मॉर्टॅलिनच्या तावडीतून सुटून केंद्रकात पोचलं, आणि त्या गोल, फुगीर पेशी आक्रसून, फोड येऊन, तुकडे होऊन मेल्या, केरने उंदराच्या यकृतात पाहिल्या होत्या अगदी तशा.